चार माणसांत बोलताना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "चार माणसांत न घाबरता कसं बोलावं, यावर बोलते." ते हसले. म्हणाले, "ताई, तुम्ही? तुम्ही तर कितीतरी वर्षं सभेत तोंड उघडलं नव्हतं!" मी म्हटलं, "म्हणूनच तर. पोहायला शिकायचं तर माशाला विचारून काय उपयोग? ज्याच्या नाकातोंडात पाणी गेलंय, त्याला विचारावं."

तर मी नाकातोंडात पाणी गेलेली बाई आहे. आणि खरं सांगायचं तर आत्ताही छाती धडधडतेय. पण आता मी तिला धडधडू देते आणि बोलत राहते. एवढाच काय तो फरक पडलाय. तो कसा पडला, ते सांगते. आणि मध्ये एक गोष्ट सांगणार आहे, जी मी या सोसायटीत आजवर कुणालाच सांगितलेली नाही.

सुरुवात शाळेपासून. मी चौथीत होते. १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. मोठ्या भावाने भाषण लिहून दिलं, मी आठ दिवस घोकलं. चुलीपाशी, विहिरीवर, झोपेत. उभी राहिले, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी सुसाट. जन्म झाला, शाळेत गेले, शेंगा आल्या, टरफलं आली, आणि टरफलांपाशी मी थांबले ते थांबलेच. पुढचा शब्द येईना. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "टरफलं उचल ना आता!" सगळी शाळा हसली. मी तशीच घरी पळत गेले. आई म्हणाली, "काहून वं, तिथं काय वाघ बसेल व्हता?"

वाघ नव्हता. पण त्या दिवसापासून चार माणसं समोर बसली की मला वाघच दिसायचा.

पुढे पोस्टात नोकरी लागली. बत्तीस वर्षं काउंटरवर बसले. रजिस्टर, मनिऑर्डर, बचत खातं, आरडी, पेन्शन. दिवसाला शंभर माणसांशी तरी बोलणं व्हायचं. म्हाताऱ्या आज्यांना अंगठा कुठे लावायचा ते सांगायचं, पासबुक हरवलेल्याची समजूत घालायची, रांग मोडणाऱ्याला दम द्यायचा. सगळं जमायचं. पण ऑफिसात कुणाचा निरोप समारंभ असला आणि साहेब म्हणाले, "दोन शब्द बोला," की माझी जीभ टाळूला चिकटायची. शंभर जण एकेक करून आले तर भीती नाही, आणि वीस जण एकदम बसले तर भीती. हे कोडं मला फार वर्षं सुटलं नाही.

आता ती गोष्ट.

तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, आपली सोसायटी बारा-तेरा वर्षांची असताना उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल झाले. येळगाव धरणात पाणी कमी, नळ कितीतरी दिवसांनी यायचा, टँकरवर पैसे जात होते. सर्वसाधारण सभेत दुसरी बोअर मारायचा ठराव आला. जागाही ठरली, मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात. आम्ही इथे अगदी पहिल्यांदा राहायला आलेल्यांपैकी. बांधकाम चालू असताना मी आणि आमचे हे दर रविवारी घर बघायला यायचो. त्या कोपऱ्याला लागूनच शोषखड्डा खणताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. नंतर त्यावर माती पडली, गवत आलं, कुणाच्या लक्षात राहिलं नाही. माझ्या होतं.

त्या दिवशी हे गावाला गेले होते. सभेला मी एकटीच. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?" माझ्या ओठांवर वाक्य तयार होतं. छातीत घण पडायला लागले. हात वर करावा म्हणून बोटं हलली सुद्धा. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मंजूर, मंजूर!" आणि टाळ्या वाजल्या. चहा आला. मी चहा प्यायले आणि घरी आले.

बोअर झाली. पाणीही लागलं. पण महिन्या-दोन महिन्यांत त्याला वास यायला लागला. तपासून आणलं तर वापरायच्या लायकीचं नाही. बोअर बंद करावी लागली. प्रत्येक घराचे चार-चार हजार रुपये मातीत गेले. ज्या घरात त्या वर्षी नोकरी सुटलेली होती, त्यांनीही दिले. मुलीचं लग्न काढलेल्यांनीही दिले. मीही माझे चार हजार दिले आणि सगळ्यांबरोबर "नशीबच फुटकं" असं म्हटलं.

नशीब फुटकं नव्हतं, मंडळी. मला माहीत होतं. मी बोलले नाही.

रात्री ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, माहीत होतं तर बोलली का नाहीस?" मी म्हटलं, "चार माणसांत कसं बोलू?" ते काहीच बोलले नाहीत. ते गप्प राहिले, ते मला जास्त लागलं. आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगते आहे आणि माफी मागते आहे. भाषणाची भीती म्हणजे काय, तर लोक हसतील, फजिती होईल, असं आपण समजतो. त्याची किंमत फक्त आपल्याला पडते असंही समजतो. तसं नाही. आपल्या गप्प बसण्याचे पैसे शेजारीही भरतात.

त्यानंतर मी ठरवलं की हा वाघ आहे तरी काय, ते बघायचंच.

वाचनालयातून गांधीजींची आत्मकथा आणली होती, त्यात मला माझाच भाऊ भेटला. विलायतेत निरोपाच्या जेवणात ते बोलायला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापुढे गाडी सरकली नाही. बॅरिस्टर होऊन मुंबईला आले, स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला, फी तीस रुपये. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, फी परत केली आणि निघून गेले. पुढे १८९३ मध्ये आफ्रिकेत, प्रिटोरियात, तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांसमोर ते नीट बोलले. विषय होता व्यापारातला खरेपणा. आयुष्यातलं हे आपलं पहिलं भाषण, असं त्यांनीच लिहिलंय.

तुम्हाला वाटेल, झालं, भीती गेली. पण पुढची गंमत ऐका. तीन वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत मोठी सभा भरली. फिरोजशहा मेहतांनी बजावलं होतं म्हणून भाषण लिहून, छापून आणलं होतं. तरी वाचताना आवाज फुटेना, अंग कापायला लागलं. शेवटी दिनशा वाच्छांनी ते वाचून दाखवलं.

हे वाचून मला फार बरं वाटलं. एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असं नाही, आणि एकदा फसलं म्हणजे कायमचं फसलं असंही नाही. आणि बघा, प्रिटोरियात काय वेगळं होतं? मला तरी असं वाटतं की तिथे त्यांना त्या माणसांना काहीतरी सांगायचं होतं. विषय त्यांच्या मनातला होता, ऐकणारे रोजचे होते. तिथे लक्ष स्वतःकडे नव्हतं, कामाकडे होतं.

माझं काउंटरचं कोडं तिथे सुटलं. काउंटरवर मी 'मी कशी दिसतेय' असा विचार कधी केला नव्हता. समोरच्या आजीचं पेन्शन निघालं पाहिजे, एवढंच डोक्यात असायचं. माईकसमोर मात्र मी स्वतःकडेच बघत बसायचे. माझी साडी, माझा आवाज, माझे हात. आजी राहिली बाजूला.

दुसरी अडचण भाषेची. ही आपल्या जिल्ह्यात पुष्कळांची आहे. माझं माहेर घाटाखालचं, सासर घाटावरचं. माहेरी 'मले', 'तुले', 'काहून'. शाळेत गेलं की 'मला', 'तुला', 'का'. सभेत उभं राहिलं की मनातल्या मनात आधी भाषांतर करायचं आणि मग बोलायचं. त्यात जीव अर्धा व्हायचा. एखादा 'मले' तोंडातून निसटला तर मेल्याहून मेल्यासारखं.

यावर औषध मिळालं गाडगेबाबांकडून. त्यांचं १९५६ साली मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन ध्वनिमुद्रित केलेलं आहे. मुलाने मोबाईलवर लावून दिलं. बाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. शाळा शिकलेले नाहीत. मुंबईत बोलतायत म्हणून त्यांनी भाषा बदलली नाही. आणि ते भाषण करतच नाहीत, लोकांना प्रश्न विचारतात! लोक उत्तर देतात, बाबा पुढचा प्रश्न टाकतात. वाक्यं एवढीएवढीशी. तेच वाक्य पुन्हा म्हणतात, म्हणजे मागच्यालाही पोचावं. सगळी सभा त्यांच्याबरोबर बोलत असते. मी तीनदा ऐकलं आणि ठरवलं, आपणही समोरच्यांशी बोलायचं. 'मले' आलं तर येऊ दे.

आणि बायकांनो, तुम्हाला वेगळं सांगते. आपण बुलडाण्याच्या आहोत. या गावच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. बाईने सभेत उभं राहण्याची सोय नव्हती, त्या काळात. त्यांना जे म्हणायचं होतं ते त्यांनी कुणाची भीडभाड न ठेवता म्हटलं. बोल लागले. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक लोक विसरून गेले, ते १९७५ साली पुन्हा छापलं गेलं तेव्हा पुन्हा वाचलं गेलं. नव्वद-एक वर्षं उशिरा का होईना, ऐकलं गेलं, कारण त्यांनी म्हणून ठेवलं होतं. आपल्याला तर म्हणायला हॉल आहे, माईक आहे, खुर्ची आहे, चहा आहे. सभासद म्हणून मतही आहे. तरी आपण हळदीकुंकवाला जे बोलतो ते सभेत बोलत नाही.

आता मी काय काय केलं ते सांगते. यात विद्वत्ता काही नाही. घरगुती उपाय आहेत.

पहिलं, मी लहान सुरुवात केली. एका सभेत तेव्हाच्या सचिवांचा घसा बसला होता. त्यांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला वही माझ्या हातात दिली. दुसऱ्याचे शब्द, वहीत मान घालून वाचायचे. जमलं. पुढच्या वर्षी मी फक्त एक प्रश्न विचारला, "गच्चीवरची टाकी आपण वर्षातून किती वेळा धुतो?" बसले. सभेत क्षणभर शांतता, मग चार जण एकदम बोलायला लागले. त्या वर्षापासून टाकी वेळेवर धुतली जाते. माझं आयुष्यातलं पहिलं भाषण एका वाक्याचं होतं.

दुसरं, पाठांतर सोडलं. टरफलांपाशी मी अडकले ती पाठांतरामुळे. साखळीतली एक कडी तुटली की पुढची सगळी साखळी गेली. आता मी फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवते. चढायची आणि उतरायची पायरी माहीत असली की मधलं चालता येतं. मधल्यासाठी मुद्दे.

तिसरं, मुद्दे पोस्टकार्डावर. हे बघा, माझ्या हातात आत्ताही आहे. तुम्ही म्हणाल, पोस्टातली बाई, तिला पोस्टकार्डच सुचणार. पण कारण आहे. साधा कागद हातात घेतला की हात थरथरतो आणि कागद फडफडतो, मग तो फडफडताना पाहून आणखी घाबरायला होतं. पोस्टकार्ड जाड असतं, फडफडत नाही. आणि त्यावर मावतं थोडंच. चार-पाच ओळींच्या वर लिहायला गेलं तर गर्दी होते. जे पोस्टकार्डावर मावत नाही ते लोकांच्या डोक्यातही मावत नाही. पन्नास पैशांत याहून चांगला मास्तर मिळणार नाही.

चौथं, मोठ्याने आणि उभं राहून सराव. मनातल्या मनात सगळेच वक्ते असतात. मी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांसमोर बोलले आहे. चादरी फार चांगल्या श्रोत्या. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ऐकलं, त्यांना वाटलं माझं ह्यांच्याशी भांडण चाललंय.

पाचवं, शरीराचं. धडधड होणारच. घशाला कोरड पडणारच. शरीर बिचारं आपल्याला तयार करतंय, धावायच्या आधी करतं तसं. त्याच्याशी भांडू नये. नाव पुकारलं की घाईने बोलायला लागायचं नाही. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवायचे. श्वास सावकाश सोडायचा, घेतला त्याहून लांब. एक घोट पाणी. मग पहिलं वाक्य. मध्ये थांबलं तर आपल्याला वाटतं युग लोटलं, ऐकणाऱ्याला वाटतं बाई विचार करतायत. आणि माईकवर टकटक करायची नाही, फुंकर मारायची नाही. तोंडापासून वीतभर अंतर, बस.

सहावं, एक चेहरा शोधायचा. पन्नास जणांकडे बघून बोलता येत नाही. एका ओळखीच्या, मान डोलावणाऱ्या माणसाशी एक वाक्य बोलायचं, मग दुसऱ्याशी एक. म्हणजे पुन्हा आपलं काउंटरच. एकेक जण येतोय, आपण त्याचं काम करतोय.

आणि सातवं, चुकलं तर सांगून टाकायचं. "थांबा, एक मुद्दा राहिला," म्हणायचं आणि कार्डात बघायचं. कुणी हसत नाही. हसलंच तर आपणही हसावं. चौथीत मला हे माहीत असतं तर टरफलं उचलून पुढे गेले असते.

हे झालं बोलणाऱ्यांसाठी. आता ऐकणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगते, कारण घाबरणारा माणूस एकट्याने घाबरत नाही, घाबरवणारेही असतात. कुणी अडखळला की शेजारच्याला कोपराने ढोसू नका. कुणाच्या बोलीवर हसू नका. लहान मुलं १२ जानेवारीला जिजाऊंवर बोलायला उभी राहतात, तेव्हा आपण मोबाईल खाली ठेवावा. सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यातलं, ही पोरं आपलीच. त्यांना विसरायला झालं तर लगेच पुढचा शब्द सांगू नका, थोडं थांबा, त्यांना सापडू द्या.

आणि अध्यक्षांना एक हात जोडून विनंती. "कुणाला काही म्हणायचंय?" असं विचारलं की मनात सावकाश दहापर्यंत मोजा. मगच 'मंजूर' म्हणा. ज्याला बोलायचं असतं पण धीर होत नाही, त्याला हात वर करायला तेवढा वेळ लागतो. मला माहीत आहे. त्या दिवशी मला कुणी दहा आकडे दिले असते, तरी मी बोललेच असते असं मी छातीठोक सांगत नाही. पण बोटं हलली होती, एवढं खरं.

आपली वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, विषयपत्रिकेसकट. आपण ती वाचतो, फ्रिजवर लावतो आणि विसरतो. ते १४ दिवस तयारीचे असतात. यंदा विषय मोठे आहेत. पंचवीस वर्षांची इमारत आहे, गच्चीची दुरुस्ती आहे, पाइप बदलायचे आहेत, लाखोंचा खर्च आहे. या इमारतीतल्या प्रत्येक घराला तिच्याबद्दल काहीतरी असं माहीत आहे, जे दुसऱ्या घराला माहीत नाही. कुठल्या भिंतीला ओल कधी येते, कुठला नळ रात्री वाजतो, कुठे काय पुरलंय. ते सगळं सभेत आलं तर आपले पैसे वाचतील. घरात राहिलं तर पुन्हा बोअर होईल.

म्हणून मी आज येताना पोस्टातून कोरी पोस्टकार्डं आणली आहेत. दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहेत, घरटी एक. पाठवायची नाहीत. त्यावर सभेसाठी एक वाक्य लिहायचं. चार मुद्दे नकोत, एक पुरे. आणि ते वाक्य लिहिणाऱ्यानेच उभं राहून वाचायचं. नवऱ्याने बायकोचं वाचायचं नाही, मुलाने आईचं वाचायचं नाही.

माझं कार्ड मी आधीच लिहून ठेवलंय. सभेत वाचेन. तेव्हाही छाती धडधडेल, पण यावेळी हात वर असेल.